सान मारिनोच्या बसमधली एकोणीस मिनिटे

साठी उलटल्यानंतर प्रथमच काही लिहायला बसले आहे, त्यामुळे आधीच क्षमा मागून ठेवते. आमचे घराणे कित्येक पिढ्या बंगळुरूत. माझे शिक्षण कन्नड आणि इंग्रजीत झाले. मराठी घरात बोलत असू, पण लिहायला मी शिकले ती निवृत्तीनंतर, पुस्तके समोर ठेवून. कुठे अडखळले तर सांभाळून घ्यावे.

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षे वाचते आहे आणि, खरे सांगायचे तर, मनातल्या मनात हसतही आले आहे. मी अठ्ठावीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले नाही ते जर्नलमध्ये काढायचे नाही, हे मुलींना दरवर्षी बजावणारी मी. कुणाच्या अंगात आले, कुणाला कुठे कोण दिसले, असे विषय निघाले की मी चहा टाकायला म्हणून उठत असे. वाद घालणे माझ्या स्वभावात नाही... पण विश्वास कणभरही नव्हता. आज तो बसला आहे, असेही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. मात्र जे घडले ते घडले, आणि त्याच्या वेळा लिहून ठेवलेल्या आहेत.

आम्ही जयनगरला राहतो. मी, माझे यजमान आणि माझी आई. वडील गेल्यावर आम्ही दोघे तिच्याच घरी राहायला आलो. मी तिची एकुलती एक. आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. मधुमेह आणि गुडघे सोडले तर खणखणीत.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. मी चार वर्षांची असताना आईने मला हुब्बळ्ळीला मावशीकडे ठेवले आणि दहाव्या वर्षी परत आणले. मधली सहा वर्षे ती मला भेटायला एकदाही आली नाही. का, हे मला कुणीच सांगितले नाही. मावशी म्हणायची, "आईला विचार." वडील म्हणायचे, "आईला विचार." आईला मी आयुष्यात तीनदा विचारले. तिसऱ्या वेळी मी चाळीस वर्षांची होते. ती उठली, डब्यातली तूरडाळ सुपात ओतली आणि स्वच्छच असलेली ती डाळ निवडत बसली. त्यानंतर मी विचारणे सोडले. पण प्रश्न काही सुटला नाही. आमच्या दोघींत काही भांडण नव्हते, प्रेमही होते. फक्त मधोमध एक बंद खोली होती, आणि आम्ही दोघी तिच्या दारावरून पाय न वाजवता ये-जा करत असू.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही दोघे तीन आठवड्यांसाठी मुलीकडे जायला निघालो. मृणाल इटलीत, बोलोन्याला, संशोधन करते. आईसाठी मंजुळा नावाची बाई ठेवली होती. सकाळचे सगळे ती करी, दोनला जेवणे आटोपून घरी जाई, पाचला परत येई आणि रात्री मुक्कामाला असे. दोन ते पाच आई आतून कडी लावून झोपायची.

निघायच्या दिवशी दुपारी मी बॅग भरत होते. आई दाराशी येऊन उभी राहिली.

"जाऊन ये, शालू. आल्यावर तुला हुब्बळ्ळीचं सांगते."

माझ्या हातातली साडी तशीच राहिली. "आत्ता सांग ना, आई."

"आत्ता नको. टॅक्सी यायला स्वल्प वेळ आहे. मला पुष्कळ लागेल."

"मग मी जातच नाही."

"खुळी आहेस का? पोर वाट बघत असेल. जा. मी काही पळून जात नाही."

मी गेले. या वयाच्या माणसाच्या भरवशावर असे शब्द मागे ठेवून जाऊ नये, हे विमानात बसल्यावर सुचले. त्या तीन आठवड्यांत एकही सकाळ अशी गेली नाही की डोळे उघडल्याबरोबर ते वाक्य आठवले नाही आणि पाठोपाठ, 'तोवर तिला काही झाले तर?' हे आठवले नाही.

आता मुख्य दिवसाकडे येते.

माझे यजमान बोम्मसंद्रा येथील एका पंपाच्या कारखान्यात तीस वर्षे गुणवत्ता तपासणीत होते. यंत्र बंद पडले की आधी घड्याळ पाहून वेळ लिहायची, मग यंत्राकडे जायचे, ही तिथली शिस्त. ती त्यांच्या हाडात मुरली आहे. खिशात सदैव छोटी डायरी. शिवाय त्यांना देश मोजण्याची हौस. मृणालने ते बरोबर हेरले.

"बाबा, एका दिवसात आणखी एक देश होईल. सान मारिनो. चहूबाजूंनी इटली आणि मध्ये एका डोंगरावर एवढासा देश. इथून ट्रेनने रिमिनी, तिथून बस."

"व्हिसा?"

"वेगळा नाही लागत. बसचं तिकीट लागतं."

"म्हणजे जयनगरहून शिवाजीनगरला जावं तसं?"

"त्याच्या आत पोचाल बाबा. तिथे सिग्नल कमी आहेत."

त्या दिवशी निघण्यापूर्वी मी आईला व्हिडिओ कॉल केला. मंजुळा तिच्या केसांना तेल लावत होती. आई ठीक होती, फक्त कुरकुरत होती. "हिने आजही रांगोळी काढली नाही बघ. नुसतं पाणी मारते. दार कसं भुंडं दिसतंय. लोकांना वाटेल घरात कुणी गेलं." आमच्या गल्लीत अजून सकाळी प्रत्येक दारासमोर रांगोळी असते, ज्या घरात सुतक, तिथेच नसते. मंजुळा मागून म्हणाली, "अक्का, मला येत नाही हो. काढली तर आजी हसतात."

मी फोन ठेवला. का कोण जाणे, निघावेसे वाटत नव्हते. पण तसे सांगायचा मला संकोच वाटला. ह्यांनी आदल्या दिवशीच टोपी काढून ठेवली होती.

रिमिनी स्टेशनासमोरून बस सव्वा अकराला सुटली. आम्ही डाव्या बाजूला, मधल्या दाराच्या मागच्या तिसऱ्या रांगेत बसलो. मी खिडकीशी, हे कडेला. खिडक्या न उघडणाऱ्या, अखंड काचेच्या. दोन सीटांमध्ये जागा इतकी कमी की मला बाहेर पडायचे तर ह्यांना उठून उभे राहावे लागले असते. बसमध्ये पंधरा-सोळा माणसे असतील. चालून चालून माझे पाय सुजले होते, म्हणून मी बूट-मोजे काढून खाली ठेवले आणि अनवाणी बसले.

देशाची हद्द आली तशी गेली. रस्त्यावरच्या पुलावर स्वागताची पाटी, बस्स. ह्यांचा विरस झाला.

"हे काय? शिक्का नाही, चौकशी नाही. अत्तिबेलेला तामिळनाडूत शिरताना यापेक्षा जास्त थांबवतात."

तेवढ्यात फोनवर मेसेज आला: आमचा रोमिंग पॅक या देशात चालणार नाही. इटलीत चालत होता, इथे नाही.

"आईचा फोन आला तर?" मी म्हटले.

"अगं, दोन-तीन तासांत परत रिमिनीत असू. मंजुळा आहे ना."

मी घड्याळ पाहिले. आपले घड्याळ साडेतीन तास पुढे. तिथे तीन वाजून गेले होते. मंजुळा नव्हती... आई एकटी होती. हे मी ह्यांना बोलले नाही. बोलले असते तरी काय करणार होतो?

पुढे चढ लागला, वळणे सुरू झाली. उतारावर पिवळ्या फुलांची झुडपे दाटीने फुललेली होती. मी त्यांचे कूळ आठवत होते. ती फुले पाहत असतानाच पुन्हा आईचे वाक्य मनात आले, 'मला पुष्कळ लागेल.' किती लागेल? सहा वर्षे सांगायला किती वेळ लागतो?

यानंतरची मला जाणवलेली पहिली गोष्ट म्हणजे, आवाज नव्हता.

बस उभी होती. इंजिन बंद. मी मान वळवली तर शेजारची सीट रिकामी. पुढच्या रांगा रिकाम्या, मागच्या रिकाम्या. दोन्ही दारे उघडी. संपूर्ण बसमध्ये मी एकटी. झोप लागून गेली की अंग जड होते, तोंडाला कोरड पडते. तसे काहीच नव्हते. डोळ्यांसमोर तीच पिवळी फुले होती, फक्त आता हलत नव्हती.

मला वाटले, पोचलो, सगळे उतरले. पण हे मला न उठवता कसे उतरतील? मी वाकून बूट ओढले. पाय घालताना लक्षात आले की तळवे ओले आहेत आणि त्यांना काहीतरी रवाळ लागले आहे. पिशवीतली पाण्याची बाटली सांडली असणार, असे म्हणून मी रुमालाने पाय पुसले, मोजे चढवले, नाड्या बांधल्या. हे मी अगदी शांतपणे केले. त्या शांतपणाची आज मला भीती वाटते.

मी दारातून खाली उतरले. बस एका वळणावर, रस्त्याच्या कडेला लावली होती. सगळे प्रवासी रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्याशी ओळीने उभे राहून खाली दरीत पाहत होते. एक तरुण कठडा ओलांडून झुडपांत उतरला होता. ड्रायव्हर फोनवर ओरडून बोलत होता. हे माझ्याकडे पाठ करून उभे होते. त्यांच्या एका हातात माझी ओढणी, दुसऱ्या हाताने कठडा घट्ट धरलेला.

"अहो," मी म्हटले, "काय पडलं खाली?"

ते वळले. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता.  ते जवळ आले आणि माझे दोन्ही दंड इतके आवळून धरले की पुढे आठवडाभर वळ होते.

"कुठे होतीस?"

"सीटवर."

"शालिनी, कुठे होतीस?"

"अहो, सीटवरच होते. सगळे पाहतायत, हळू बोला ना..."

आणि खरोखरच सगळे पाहत होते. चार माणसांनी माझ्याकडे एकदम पाहिले तरी मला घाम फुटतो; इथे सबंध बस पाहत होती. काळ्या कपड्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने छातीवर क्रूस काढला आणि दोन पावले मागे सरकली. ड्रायव्हर हातवारे करत ह्यांच्या अंगावर आला. तो काय बोलला ते कळले नाही, पण कळलेही. ह्यांनी मान खाली घातली. "सॉरी. माय मिस्टेक. शी वॉज स्लीपिंग. माय मिस्टेक." कारखान्यात ज्यांनी कधी कुणाची चूक सोडली नाही आणि स्वतःची मान्य केली नाही, त्यांच्या तोंडून मी हे ऐकत होते. ड्रायव्हरने डोके हलवले आणि बोटाने बसकडे दाखवून तीनदा एकच गोष्ट म्हटली. एका मुलीने आम्हाला इंग्रजीत सांगितले, "तो म्हणतोय, मी स्वतः प्रत्येक सीट पाहिली. सीटखालीसुद्धा."

बस पुन्हा सुरू झाल्यावर ह्यांनी मला दबक्या आवाजात सांगितले. चढ सुरू झाल्यावर त्यांचे पेन खाली पडले. ते उचलायला वाकले, वर आले, तर मी नाही. माझी पिशवी सीटवर, ओढणी सीटवर, बूट खाली. मी उठले असते तर त्यांच्या गुडघ्यांवरूनच जावे लागले असते. तरी ते मागे जाऊन आले, पुढे जाऊन आले. हाका मारल्या. बस मध्ये कुठेही थांबलेली नव्हती. मग त्यांनी ड्रायव्हरला थांबवले. दार चालत्या बसमध्ये उघडले गेले आणि मी बाहेर फेकले गेले, याखेरीज कुणालाच दुसरे काही सुचेना.

त्यांनी डायरी उघडून माझ्यासमोर धरली.  '११.५८ शा. सीटवर नाही.' त्याखाली, '१२.१७ शा. परत.'

"बायको दिसत नाही आणि मी आधी वेळ लिहिली गं," ते म्हणाले आणि पलीकडच्या खिडकीकडे तोंड फिरवले. त्याची लाज त्यांना अजून वाटते.

वर गावात पोचल्यावर आम्ही पहिल्याच कॅफेत बसलो. किल्ला, मनोरे, खालचा समुद्र, ज्यासाठी गेलो होतो त्यातले काहीही आम्ही पाहिले नाही. ह्यांनी कॅफेचा वायफाय जोडला, मृणालला कळवावे म्हणून. जोडताच माझा फोन थरथरू लागला. पद्माक्कांचे तीन आवाजी निरोप.

पद्माक्का म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या शेजारीण. कन्नड बोलतात. मी त्यांचे शब्द मराठीत देते. पहिला निरोप बंगळुरूच्या तीन बावन्नचा होता.

"शालिनी, अगं कुठे गेलीस? आत्ता तर दारात होतीस. आई न्हाणीत पडल्यात! रिक्षा बघायला गेलीस का? पायात चप्पल तरी घालायची होतीस. लवकर ये."

दुसरा तीन अठ्ठावन्नचा. "डोक्याला लागलंय त्यांच्या. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. तू फोन का उचलत नाहीस? अय्यो, आईला असं टाकून जातं का कुणी?"

तिसऱ्यात शब्द नव्हते. गलका, कुणीतरी 'सावकाश, सावकाश' म्हणते आहे, आणि गाडीचे दार लागल्याचा आवाज.

मी वायफायवरूनच फोन लावला.

"पद्माक्का, आई...?"

"आत नेलंय. डॉक्टर काही सांगत नाहीत. तू आहेस कुठे?"

"मी... इकडेच. युरोपात. सान मारिनो म्हणून—"

"ही थट्टेची वेळ आहे? मी गच्चीवर संडिगे वाळत घातले होते, ते गोळा करत होते. तू दारात बसून रांगोळी काढत होतीस. मी हाक मारली, यावाग बंदे, केव्हा आलीस म्हणून. दोनदा मारली. तू वर पाहिलंस!"

ह्यांनी माझ्या हातून फोन घेतला. "पद्माक्का, ही माझ्यासमोर बसली आहे. आम्ही इथेच आहोत."

 पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "मग दारात कोण होतं, सार?"

त्या कॅफेत आम्ही दीड तास बसून होतो, कारण परत खाली निघालो की फोन बंद. त्या दीड तासात मला जे वाटत होते ते लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते. आई वाचावी, एवढेच मी मागत नव्हते. तिने मला ते सांगेपर्यंत वाचावी, असे मागत होते. आणि तसे मागते आहे हे कळत असूनही थांबवता येत नव्हते.

शेवटी निरोप आला: शुद्धीवर आहेत. खुब्याचे हाड मोडले आहे, साखर फार खाली गेली होती, डोक्याला टाके घातले. डॉक्टर पद्माक्कांना म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर उपयोग नव्हता.

तिसऱ्या दिवशी आम्ही बंगळुरूत पोचलो. फाटकाशी गाडी थांबली, आणि मी उतरायच्या आधी हे म्हणाले, "स्वल्प थांब. आधी बघ."

दारासमोर रांगोळी होती. स्ट्रेचर नेणाऱ्यांच्या पायांनी डावी बाजू पुसली गेली होती. उजवी शाबूत होती, कारण पद्माक्कांनी त्यानंतर कुणाला तिथे पाय ठेवू दिला नव्हता. सात ठिपक्यांची, कमळाची. माझ्या उजव्या मनगटाचे हाड हुब्बळ्ळीला असताना मोडले होते, ते नीट जुळले नाही. त्यामुळे उजवीकडचे शेवटचे वळण मला गोल काढता येत नाही, तिथे टोक येते. आई नेहमी म्हणायची, शालूच्या कमळाला एक काटा असतो. त्या रांगोळीत तो काटा होता.

पद्माक्का फाटकाबाहेर उभ्या राहूनच बोलल्या. "नुसती तू दिसली असतीस तर मी आले नसते, शालिनी. प्रवासातून आलीस, दमली असशील, संध्याकाळी जाऊ, असंच म्हटलं असतं. पण दुपारी पावणेचारला कोण रांगोळी काढतं गं? मनात आलं, काहीतरी झालंय. खाली बघून वर बघते तो तू नाहीस, आणि दार सताड उघडं."

"दाराला आतून कडी होती," मी म्हटले.

"हो. मंजुळाही तेच म्हणते. ती गेल्यावर आजींनी कडी घातल्याचा आवाज तिने ऐकला होता." मग त्या थांबल्या. "मी येते हं." त्या दिवसापासून त्या आमच्या घरात आलेल्या नाहीत. फाटकातूनच बोलतात, तेही ह्यांच्याशी. चाळीस वर्षांचा शेजार. माझ्याकडे पाहताना त्यांची नजर आधी माझ्या पायांकडे जाते.

हॉस्पिटलात आई उशीला टेकून बसली होती. मला पाहून हसली. असे हसताना मी तिला फारसे पाहिले नव्हते... चेहऱ्यावरचे काहीतरी उतरवून ठेवल्यासारखे.

"आलीस परत?" ती म्हणाली.

"परत म्हणजे, आई?"

"तेव्हा एकदम उठून गेलीस ना. मी म्हटलं, कुणाला तरी बोलवायला गेली असेल. आणि बघ, पद्मा आलीच."

मी तिच्याजवळ बसले. "आई, तेव्हा काय काय झालं? मला नीट आठवत नाही."

"आठवायचं काय त्यात? मी पडले. हाका मारून घसा बसला. मग डोळे मिटले असतील. उघडले तर तू भिंतीला टेकून खाली बसलेली. माझ्या डोक्याखाली टॉवेल घातलास. तुझे हात गार होते गं, बर्फासारखे. मी म्हटलं, आता मी काही राहत नाही. आली आहे पोर तर सांगून टाकावं."

मी विचारले, "काय सांगितलंस?"

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले. "हुब्बळ्ळीचं. सगळं. काही मागे ठेवलं नाही. तू एक शब्द बोलली नाहीस. रडत होतीस नुसती."

ह्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर शक्य ते सारे आम्ही तपासले, हे प्रामाणिकपणे नमूद करते. साखर उतरली की भास होतात; डॉक्टरांनी तसे लिहूनही दिले. पद्माक्कांना गच्चीवरून दुसरे कुणी माझ्यासारखे वाटले असेल. कडी आईनेच लावली नसेल. बसमध्ये ह्यांनाच क्षणभर झापड आली असेल, आणि घाबरलेल्या माणसाने आरडाओरडा केला की सोळा माणसे रिकाम्या सीटकडे पाहून रिकामी म्हणतात, असे आमचे एक डॉक्टर स्नेही म्हणाले. प्रत्येक गोष्टीला एकेक उत्तर मिळते. पण ह्यांच्या डायरीतल्या दोन वेळांत साडेतीन तास मिळवून पाहा. तीन अठ्ठावीस ते तीन सत्तेचाळीस. आणि खुबा मोडलेल्या बाईच्या डोक्याखाली घडी घालून ठेवलेला टॉवेल, जो कपाटाच्या वरच्या फळीवर असतो. माझी पाण्याची बाटली मी त्याच दिवशी परतीच्या ट्रेनमध्ये तपासली होती. झाकण घट्ट होते. पिशवी कोरडी होती.

मला एवढेच सुचते की जी कोणी तिथे गेली तिला बोलता येत नसावे. बोलता न येणाऱ्या बाईने समोरच्या घराला हाक मारायची कशी? पण हेसुद्धा स्पष्टीकरण नाही. पुरावा नसताना जर्नलमध्ये काढलेली आकृती आहे.

त्यानंतर आई सात महिने जगली. ते महिने आमच्या आयुष्यातले सर्वांत चांगले होते. ती माझ्याशी मोकळेपणाने बोलायची, केस विंचरून घ्यायची, चुकून कधी 'बाळ' म्हणायची. तिच्या लेखी ती खोली उघडली गेली होती, आत उजेड गेला होता. मी मात्र अजून दाराबाहेरच होते. एकदा, ती बरी असताना, मी धीर केला.

"आई, हुब्बळ्ळीचं मला पुन्हा एकदा सांगशील?"

तिचा चेहरा उतरला. "पुन्हा? नको गं, शालू. साठ वर्षं लागली मला तोंड उघडायला. एकदा सांगताना जीव निघत होता." मग माझा हात हातात घेऊन हळूच विचारले, "का विचारतेस? तुझ्या मनात अजून आहे का काही?"

मी सांगू शकले असते, की आई, ती मी नव्हते, मी काही ऐकलेले नाही. म्हणजे सगळे पुन्हा सुरू झाले असते. साठ वर्षांचे ओझे तिने एकदाच उतरवले होते, आणि ते चुकीच्या माणसापाशी उतरवले असे मी तिला सांगायचे होते.  ती माझ्याकडे पाहत होती.

"न्हाणीत मी विचारलं तेव्हा तू मान हलवलीस," ती म्हणाली. "माफ केलंस ना मला?"

मी मान हलवली.

कशाबद्दल, ते मला आजही ठाऊक नाही.